मटण-बटाट्याचा थरांचा भाजलेला पदार्थ : घरच्या जेवणासाठी सल्ला हवा आहे

सुरंगी

नमस्कार. आषाढातल्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे देवगडला दीर, जाऊ, नणंद आणि त्यांची मुले अशी दहा-बारा माणसे रात्रीच्या जेवणाला येणार आहेत. श्रावण लागला की महिनाभर घरात मटण शिजणार नाही. म्हणून या वेळी नेहमीच्या वडे-सागुतीऐवजी मटण आणि बटाट्याचे थर लावून ओव्हनमध्ये भाजलेला एखादा भरपेट पदार्थ करावा, असे मनात आहे. वाढताना त्याचा वडीसारखा चौकोनी तुकडा उचलला जावा, थर नीट दिसावेत, आणि चव मात्र आपल्या मालवणी मसाल्याची असावी, कारण मिरपूड-मिठावर शिजवलेले फिके मटण आमच्या सासूबाई पानातून बाजूला सारतील.

खिमा घ्यावा की तुकडे, बटाटा कच्चा लावावा की उकडून, आणि चीज न घालता वरचा थर कशाचा करावा, याविषयी जाणकारांनी सांगावे. आमच्याकडे ३५ लिटरचा ओटीजी आहे. परंतु या दिवसांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा त्यावरही काही उपाय असल्यास कळवावा.

भरतीओहोटी

सुरंगीताई, खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर देऊन भाजलेला शेफर्ड्स पाय हा यातला सर्वांत सोपा प्रकार आहे आणि मुलांना तो हमखास आवडतो. मटणाचा खिमा, कांदा, थोडे मटार आणि वर लोणी घालून घोटलेला बटाटा एवढेच त्यात असते. काट्याने वरच्या थरावर रेघा ओढल्या की त्या कडांना छान तांबूस रंग येतो. तुम्ही खिमा मालवणी मसाल्यात परतलात तर सासूबाईंचीही तक्रार राहणार नाही. माझे मत खिम्यालाच आहे.

खाडीपलीकडे

मी दापोलीला लग्नाकार्यांची आणि घरगुती समारंभांची जेवणे करून देतो, त्या अनुभवावरून थोडे सविस्तर लिहितो. भरतीओहोटी यांचा प्रकार चवीला उत्तम आहे, पण तो चमच्याने वाढण्याचा पदार्थ आहे. त्यातून चौकोनी तुकडा उभा राहत नाही. ताईंना थर दिसायला हवे असतील तर त्यांनी लँकेशायर हॉटपॉटकडे पाहावे. इंग्लंडच्या वायव्येला, कापडगिरण्यांच्या त्या मुलखात, मेंढीचे मटण आणि कांदा भांड्यात रचून वर बटाट्याच्या चकत्या लावत आणि मंद आचेच्या ओव्हनमध्ये कित्येक तास ठेवून देत. तिथे मटण कच्चेच घालतात, कारण मेंढीच्या मांसाला चरबी भरपूर असते आणि ती वितळून बटाट्यात मुरते. आपल्याकडे मिळते ते बोकडाचे मटण. त्याला चरबी कमी आणि धागा चिवट, त्यामुळे ते कच्चे घालून भाजले तर वरचा बटाटा करपेपर्यंत आतले मटण दातांखाली रबरासारखे लागते. म्हणून मटण आधी पूर्ण शिजवून घ्यावे आणि ओव्हनकडे फक्त थर बसवण्याचे आणि रंग आणण्याचे काम द्यावे.

बारा माणसांना दीड किलो हाडाविना मटण आणि दीड किलो बटाटे पुरतात. खाटकाला आदल्या दिवशी सांगून खांद्याचे मटण राखून ठेवायला लावावे. रानेचे म्हणजे मागच्या मांडीचे मटण दिसायला सुबक असले तरी भाजल्यावर कोरडे पडते. खांद्यात मांसाच्या धाग्यांमधली जोडऊती जास्त असते आणि ती सावकाश शिजताना विरघळून रसाला चिकटपणा आणते. हाच चिकटपणा पुढे थर धरून ठेवतो. सोबत मूठभर चरबीही मागून घ्यावी. हाडे टाकून न देता त्यांचे पाणी काढावे आणि त्यातच मटण शिजवावे. कच्ची पपई लावण्याच्या फंदात पडू नये, कारण तिने तुकडा बाहेरून पिठूळ होतो आणि आतून तसाच राहतो.

तुकडे सुपारीपेक्षा थोडे मोठे ठेवावेत. हळद, मीठ, आले-लसूण लावून ते चरबीवर परतावे, मग कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या आणि त्यानंतर दहा मिनिटे बारीक आच द्यावी. वाटण सुक्या खोबऱ्याचे आणि भाजलेल्या कांद्याचेच करावे. ओल्या नारळाचे वाटण रश्श्याला छान असले तरी भाजताना पाणी सोडते. वाटण आणि मालवणी मसाला घातल्यावर मटण झाकण न ठेवता आटवत राहावे. कालथा पातेल्याच्या तळावरून ओढला असता मागे वाट उघडी पडली पाहिजे आणि रस लगेच धावून येऊन ती बुजवता कामा नये. कडेला तेल सुटलेले दिसले पाहिजे. इथे कंटाळा केला की सगळा रस भांड्याच्या तळाशी जमतो आणि तुकडा उचलताच घसरतो. थरांचा पदार्थ बिघडण्याचे मुख्य कारण हेच असते. आटवताना मसाला तिखट आणि मीठ किंचित जास्त लागले तरी काळजी नसावी, बटाटा ते सगळे ओढून घेतो.

जांभा

खाडीपलीकडे यांनी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे. मी रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे बटाट्याविषयी एक गोष्ट आवर्जून मांडतो. मालवणी मटणात आमसूल किंवा टोमॅटो घालण्याचा मोह होईल, तो या पदार्थात टाळावा. बटाट्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळते म्हणून बटाटा मऊ होतो. आंबट रसात पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. त्यामुळे कच्च्या चकत्या आमसुलाच्या किंवा टोमॅटोच्या रसात लावल्या तर ओव्हनमध्ये तासभर ठेवूनही त्या कचकचीत लागतात, आणि करणाऱ्याला वाटते की ओव्हनच बिघडला आहे.

हाच गुण आपल्या फायद्यासाठीही वापरता येतो. चकत्या ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या कापून मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटे उकडाव्यात, आणि त्या पाण्यात अगदी चमचाभर व्हिनेगर घालावे. कडा फुटत नाहीत आणि चकती अखंड राहते. मात्र सुरीचे टोक सहज आत जाईपर्यंत उकडणे आवश्यक आहे, कारण पुढे त्या फारशा शिजणार नाहीत असेच धरून चालावे. चकत्या कापल्यावर धुवू नयेत. वरचा स्टार्च थर एकमेकांना धरायला उपयोगी पडतो.

आणखी एक. जुलै-ऑगस्टमध्ये घाटावरून आपल्याकडे येणारा बटाटा बहुतेक शीतगृहातला असतो. फार थंड जागी राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची काही प्रमाणात साखर होते, म्हणून तो गोडसर लागतो आणि भाजताना फार लवकर काळपट होतो. आठ-दहा दिवस आधी बटाटे आणून घरात कोरड्या, अंधाऱ्या जागी टोपलीत पसरून ठेवले तर ही साखर बरीच कमी होते. फ्रिजमध्ये तर ते मुळीच ठेवू नयेत.

सुरंगी

जांभाकाका, मनःपूर्वक आभार. म्हणजे आंबट अजिबातच घालायचे नाही का? आमसुलाशिवाय मटण आमच्या घरात कोणी मान्य करणार नाही.

जांभा

आंबट असावे, पण ताटात बाजूला असावे. हॉटपॉटबरोबरही व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी वेगळा वाढतात. तुमच्याकडे सोलकढी आहे, तिच्यापुढे कोबीची काय कथा!

नारळीपोफळी

वरच्या थराविषयी मी सांगते. आम्ही रेवदंड्याकडचे. आमच्या भागातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांत धर्मनियमानुसार मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही, म्हणून जिथे इतर लोक दूध किंवा साय घालतील तिथे ते नारळाचा रस घालतात. चीज आणि व्हाइट सॉस यांना हा उत्तम पर्याय आहे आणि मालवणी मसाल्याशी त्याचे भांडणही होत नाही. ग्रीक लोकांच्या मुसाक्यात खिमा-वांग्याच्या थरांवर दूध, मैदा आणि अंड्याचा जो जाड थर असतो, त्याच धर्तीवर हा करता येतो.

दोन वाट्या घट्ट, पहिला रस घ्यावा. त्यातल्या अर्ध्या वाटीत दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ गुठळी न होऊ देता कालवावे आणि उरलेला रस बारीक आचेवर ठेवून त्यात ते ओतावे. हा रस खळखळून उकळू देऊ नये, नाहीतर तो फुटतो आणि वर तेल तरंगते. पिठामुळे तो बराच सांभाळला जातो, तरीही हात थांबवू नये. डोशाच्या पिठाइतका दाट झाला की उतरवून कोमट होऊ द्यावा आणि मग दोन अंडी फेटून घालावीत. गरम रसात अंडी घातली तर त्यांची भुर्जी होते. मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ पुरे. वाटल्यास कोथिंबीर घालावी. मी घालत नाही, कारण भाजल्यावर तिचा रंग जातो.

जाता जाता एक सुचवते. थंडीत कधी सगळे जमलात तर आमच्याकडची पोपटी करा. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी असे रचून, तोंड पाल्यानेच बंद करून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पण ते शेतातले काम आहे, पावसाळ्यात त्याचा विचारही करू नये.

खाडीपलीकडे

नारळीपोफळी यांचा थर मला फार पटला. आता रचना सांगतो. भांडे साधारण १३ इंच लांब, ९ इंच रुंद आणि २ इंच खोल असावे; घेण्यापूर्वी ओटीजीची आतली रुंदी मोजावी आणि भांड्याचे कानही त्या मोजमापात धरावेत, कारण दुकानात बसणारे भांडे घरच्या ओव्हनमध्ये अनेकदा कानांमुळे अडते. भांड्याला तेलाचा हात फिरवून उकडून कोरड्या केलेल्या चकत्या एकीवर एक अर्धी चढवत तळ पूर्ण झाकावा. कोरड्या म्हणजे फडक्यावर पसरून वाफ जाऊ दिलेल्या. त्यावर निम्मे मटण, त्यावर अर्धा किलो कांद्याचा तांबूस परतलेला उभा चिरलेला कांदा निम्मा, पुन्हा चकत्या, पुन्हा मटण आणि कांदा, आणि सर्वांत वर चकत्या. प्रत्येक थर हाताने हलका दाबावा. मग नारळाचा रस ओतून भांडे ओट्यावर दोनदा आपटावे, म्हणजे तो फटींत उतरतो.

ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्यावा. पहिली २५ मिनिटे भांडे फॉइलने झाकावे, नंतर उघडे ठेवून १५ ते २० मिनिटे भाजावे आणि रंग कमी वाटल्यास शेवटी पाच मिनिटे फक्त वरची कांडी चालू ठेवावी. बाहेर काढल्यावर निदान २० मिनिटे हात लावू नये. पाहुणे कितीही घाई करोत, या काळातच रस आळतो आणि सुरी फिरवता येते.

भरतीओहोटी

वाचून मत बदलले. मुलांसाठी मिरचीचा जोर कमी ठेवावा, इतकेच माझे म्हणणे उरले आहे.

नारळीपोफळी

विजेचा प्रश्न राहिलाच. काकडीचे धोंडस जसे खाली-वर निखारे ठेवून भाजतात, तसेच हेही होते. जाड बुडाचे, सपाट तळाचे पातेले घ्यावे, गॅसवर लोखंडी तवा ठेवून त्यावर ते मांडावे आणि जड थाळीचे झाकण ठेवून त्यावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे पसरावेत. लाकूड पावसाने ओले असले तरी माळ्यावरच्या करवंट्या कोरड्या असतात आणि त्यांचा निखारा कडक पडतो. खाली आच अगदी बारीक हवी, कारण वरून रंग येण्यापूर्वीच तळाचा बटाटा लागतो. निखारे पेटवायचे आणि ठेवायचे ते मागच्या पडवीत, हवा खेळती असेल तिथेच. बंद स्वयंपाकघरात निखाऱ्यांचा धूर आणि वायू कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. अशा पातेल्यातून चौकोनी तुकडा येणार नाही, त्रिकोणी फोडी कराव्या लागतील.

सुरंगी

सर्वांचे आभार. खांद्याचे मटण सांगून ठेवते आणि बटाटे उद्याच आणते. शेवटची शंका अशी की सकाळी सगळे रचून ठेवून रात्री नुसते भाजले तर चालेल का? रविवारी संध्याकाळी माणसे आल्यावर मला ओट्याशी उभे राहायचे नाही.

खाडीपलीकडे

अवश्य चालेल, किंबहुना थर त्याने अधिक चांगले बसतात. मात्र मटण आणि चकत्या पूर्ण थंड झाल्यावरच रचाव्यात, भांडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि नारळाचा रस भाजण्यापूर्वी ओतावा. काचेचे भांडे फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, ते तडकते. अर्धा तास बाहेर ठेवून मग आत सरकवावे आणि झाकून भाजण्याचा वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावा. सकाळी वीज बराच वेळ गेली आणि फ्रिजचा गारवा उतरला, तर मात्र मटण सात-आठ तास तसे राहू देऊ नये, दुपारीच भाजून घ्यावे. उरले तर रात्री झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी गार असतानाच बोटभर जाडीच्या फोडी कापून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस कराव्यात. तांदळाच्या भाकरीबरोबर त्या छान लागतात.