बडोद्यातली मंडळी, अलीकडे कुठले मराठी पिक्चर पाहिले? घरी अर्धं गुजराती असेल तर नक्की लिहा

मांजलपूरचा_मराठी:
सध्या पोरं झोपली की आम्ही दोघं रात्री मराठी पिक्चर लावतो. बायको नडियादची, मराठी सगळं कळतं, माझ्या आईशी मराठीतच बोलते, पण पिक्चर बघताना रिॲक्शन गुजरातीतच येते तिची. मागच्या आठवड्यात चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय.

स्टोरी बहुतेकांना माहीत असेल, एका म्हाताऱ्या लोकशाहिराला पकडतात, आरोप काय तर तुझं गाणं ऐकून एका गटार कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. शाहिराचा वकील विनय व्होरा गुजराती आहे, विवेक गोम्बरने केलाय. त्याच्या आईवडिलांच्या घरचा जेवणाचा सीन आहे, लग्नावरून कटकट चालू, मित्र मधे अवघडून जेवतोय, सगळं गुजरातीत. बायको लगेच म्हणाली, आ तो आपणा ज घर जेवुं छे, म्हणजे हे तर आपल्याच घरासारखं! आणि पुढे सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, कोर्टातून लोकलने घरी, पोराला घ्यायचं, घरी येऊन स्वयंपाक, नवऱ्याचं पथ्य, तिथे मी म्हणालो हे माझ्या आत्याचं घर. एकाच पिक्चरमध्ये आमची दोन्ही घरं निघाली.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. सुट्टीच्या दिवशी नूतनचं कुटुंब मराठी नाटकाला जातं, तिथे स्टेजवरचा बाप परप्रांतीय पोराला घराबाहेर काढतो आणि हॉल खूश होऊन टाळ्या वाजवतो. मला बसल्या जागी अस्वस्थ झालं. आपण इथे बाहेरूनच आलेलो आहोत ने, गायकवाडांबरोबर आलेली घराणी आपली, कोणाचे पणजोबा सयाजीरावांच्या नोकरीत होते, पिढ्यान्‌पिढ्या दांडिया बाजारात राहून मराठी शाळा चालवल्या, नाटकं केली, गणपती बसवले, आणि शेजारचे पटेलकाका आरतीला टाळ घेऊन उभे राहिले. मुंबईतल्या माणसाला तो सीन जसा दिसत असेल तसा आपल्याला दिसूच शकत नाही असं माझं मत आहे.

तर सांगा, तुम्ही काय बघितलंत आणि मनापासून कसं वाटलं. स्टार वगैरे देऊ नका, का आवडला ते लिहा. आणि दहा-तेरा वर्षांची पोरं आहेत, इंग्लिश मिडियमला जातात, आजीचं मराठी समजतं पण वाचत नाहीत, त्यांना बसवून दाखवता येईल असं काही असेल तर आधी ते सांगा.

कलाभवन_रोड:
पोरांसाठी डोळे मिटून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशीचा, 2009 चा, दीड तासाचा आहे म्हणजे पोरं कंटाळायच्या आत संपतो. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा बनवला त्याची गोष्ट, पण महापुरुषाची पूजा घातलेली नाही, नंदू माधवने फाळके असा केलाय की हा माणूस घरातलं सामान विकतोय, डोळ्यावर परिणाम झाला तरी थांबत नाही, आणि घर मात्र हसतंय. आमच्या नातवाने पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याला सगळ्यात काय आवडलं असेल तर ते वाटाण्याचं रोप. फाळके कुंडीत वाटाणा लावतात आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत राहतात, मग पडद्यावर चालवली की दाणा डोळ्यादेखत उगवतो. पैसे लावणाऱ्याला पटवायला हेच दाखवलं होतं त्यांनी. पोराने दुसऱ्या दिवशी बाल्कनीत मूग पेरून मोबाईल लावून ठेवला, आईने आठवडाभर कुंडीला हात लावायचा नाही असा हुकूम.

आणि बायकांची कामं करायला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाचा हॉटेलातला पोऱ्या तारामती होतो, पुरुष नट साड्या नेसून वावरतात, आणि सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील म्हणून सांगायचं काय तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे, म्हणून ते नाव. सरस्वतीबाई विभावरी देशपांडेने केल्यात, त्यांच्याकडे नीट लक्ष द्या. त्या काळात फिल्मला भोकं पाडून मिळत नसत, घरी पाडावी लागत, तेही अंधारात, आणि ते काम त्या बाईने केलंय, शिवाय सगळ्या युनिटचं जेवण. आपल्या पोरींना हे दाखवलंच पाहिजे.

आता बडोद्याची गोष्ट, जी पिक्चरमध्ये नाही पण पोरांना सांगता येईल. फाळके मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग आपल्या कलाभवनात आले, इथे चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले. सयाजीरावांनी 1890 साली काढलेलं कलाभवन, आज जिथे एम. एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनियरिंग आहे तेच. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. मग लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात. आणि रविवर्म्यांची मूळ चित्रं कुठे आहेत तर आपल्या फत्तेसिंग म्युझियममध्ये. म्हणजे आधी पिक्चर दाखवा, मग रविवारी पोरांना म्युझियममध्ये न्या आणि त्या चित्रातल्या साड्या आणि दागिने दाखवा, देवादिकांना असं माणसासारखं उभं करायचं हे फाळक्यांच्या नजरेत कुठून आलं असेल ते पोरांना आपोआप दिसेल. 3 मे 1913 ला मुंबईत कोरोनेशन थेटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, पण त्या माणसाचा हात आपल्या गावात तयार झाला याचा मला फार अभिमान आहे.

दांडियाबाजार_षड्ज:
ताम्हाणेचा विषय निघालाच आहे तर 'द डिसायपल' बघा, नेटफ्लिक्सवर आहे, 2021 मध्ये आला. मी सुरसागरसमोरच्या आपल्या म्युझिक कॉलेजात गाणं शिकलो, आता शाळेत संगीत शिकवतो, त्यामुळे माझं मत जरा जवळचं आहे हे धरूनच वाचा.

शरद नेरुळकर नावाचा मुलगा, शास्त्रीय गायक व्हायचंय, वडिलांना झालं नाही ते याच्या डोक्यावर, गुरुजी म्हातारे आणि आजारी, त्यांची सेवा करतोय, पाय चेपतोय, आणि वर्षं जातायत आणि गाणं काही केल्या त्या जागेवर जात नाहीये. रात्री मुंबईच्या मोकळ्या पुलावरून बाईक अगदी सावकाश चाललेली, मागे तानपुरा, कानात हेडफोन आणि त्यात गुरुजींच्या गुरू माईंचं व्याख्यान, की या साधनेत एकटेपणा आणि उपास सहन करायची तयारी हवी. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे. गुरुजी झालेले अरुण द्रविड स्वतः जयपूर घराण्याचे गायक, शरद झालेला आदित्य मोडक पण गाणारा, म्हणून तालमीचे सीन खोटे वाटत नाहीत. शरद एक जागा घेतो, गुरुजी नुसते थांबवतात, परत घ्यायला लावतात, परत थांबवतात. हे मी अनुभवलंय, आणि पडद्यावर इतकं खरं कधीच बघितलं नव्हतं. आपल्याकडे गाण्याचा पिक्चर म्हणजे शेवटी टाळ्या पडणारच, इथे कष्ट पूर्ण आहेत, निष्ठा पूर्ण आहे आणि तरी ते होत नाही. मला रडू आलं.

'कट्यार काळजात घुसली' सगळ्यांना आवडतो, मलाही गाणी आवडतात, राहुल देशपांडे आणि महेश काळे गायलेत म्हटल्यावर प्रश्नच नाही. पण सिनेमा म्हणून मला पटत नाही, मूळ नाटक 1967 चं, त्यात घराण्याच्या अहंकाराचं दुखणं होतं, पिक्चरमध्ये ते खलनायकाचं कारस्थान झालं. ज्या गावात 1886 साली मौलाबक्षांनी गायनशाळा काढली, आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ दरबारात गायले, भातखंड्यांनी 1916 ला पहिली संगीत परिषद भरवली, त्या गावात बसून पिक्चरमधल्या खाँसाहेबाला असा काळा रंगवलेला बघवत नाही हो.

वाडीतली_मावशी:
मी साधी बाई, मला गोष्ट हवी. 'नाच गं घुमा' बघितला, मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. नोकरी करणारी बाई आणि तिच्याकडे कामाला येणारी आशाताई, ती उशीर करते, ही चिडते, काढून टाकते, मग घराचे हाल होतात. हसून हसून पुरे झालं पण मला नम्रता जास्त आवडली, कारण तिने कामवाली अशी केली नाही की बिचारी, तिचा पण रुबाब आहे, राग आहे. आमच्या शेजारच्या हंसाबेन बरोबर बघितला, त्यांना मराठी येत नाही पण सांगावं काहीच लागलं नाही, सकाळी आठ वाजता दाराकडे डोळे लावून बसायचं ते सगळीकडे सारखंच. पिक्चर संपल्यावर त्यांनी त्यांच्या कामवालीला फोन करून विचारलं की बेन, तुझा पाय बरा आहे का.

'दशावतार' थेटरात बघितला. दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या वर आहेत हो, आणि काय काम केलंय त्या माणसाने, रात्रभर रंग लावून नाचणारा बाबुली मेस्त्री, डोळे अधू झालेत पण अंगात देव आल्यासारखा उभा राहतो. मालवणी मला अर्धी समजली नाही, मुलगा म्हणाला आई खाली वाच, पण चेहऱ्यावरनंच कळत होतं. दुसऱ्या भागात मारामारी जरा जास्त झाली असं मला वाटतं. जंगल आणि देवराई मात्र मोठ्या पडद्यावरच बघावी.

कोठी_चाररस्ता:
मांजलपूरवाले दादा, राग मानू नका, पण कोर्ट मला फार स्लो वाटला. कॅमेरा एका जागी ठेवला की ठेवला, माणूस उठून गेला तरी तो तिथेच. एवढं कशाला ताणायचं. कोर्टाच्या तारखा स्लो असतात हे मला माहीत आहे, आमचा जमिनीचा दावा वडिलांपासून चालू आहे, म्हणून अडीच तीन तास परत तेच बघायचं का. मला 'वाळवी' आवडला, घट्ट स्टोरी, कुठे श्वास घ्यायला वेळ नाही, शेवट कोणाला सांगू नका.

मांजलपूरचा_मराठी:
राग कसला भाऊ, वाळवी आम्हीपण बघितला, बांधणी मस्तच आहे त्याची. आणि कोर्ट दोन तासांच्या आतच संपतो, पण तुम्हाला तीन वाटला यावरून तुम्ही काय म्हणताय ते समजलं.

एक सीन मात्र परत बघा माझ्यासाठी. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. तिला विचारतात नवरा सेफ्टीचं सामान वापरायचा का, ती सांगते सामान कुठलं, मॅनहोल उघडलं की आधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर समजायचं आत श्वास घेता येतो, मग उतरायचं. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. एवढंच, साध्या आवाजात, हात जागेवर, कोणी रडत नाही, मागे म्युझिक नाही. ती बाई नटी नाहीये, तिचा स्वतःचा नवरा याच कामात होता. तिथे कॅमेरा हलला असता, तोंडाजवळ गेला असता, तर आपण तिची कीव करून मोकळे झालो असतो. तो लांब उभा आहे म्हणून आपल्याला कोर्टातल्या बाकावर बसल्यासारखं ऐकावं लागतं, आणि जज्ज ते ऐकून पुढचा प्रश्न विचारतो. मला तरी हे ताणलेलं वाटलं नाही, उलट घाई केली असती तर त्या बाईचा अपमान झाला असता.

आणि षड्जभाऊ, डिसायपल आज रात्रीच लावतो. कलाभवनवाले काका, फॅक्टरी रविवारी पोरांबरोबर नक्की.

इंदूरची_जिरावन:
बडोदेकरांच्या गप्पांत घुसते आहे, चालेल ना? आमच्याकडे पण तेच आहे, फक्त गुजरातीच्या जागी हिंदी. आमचे हे हिंदीभाषिक, सासूबाई मराठी शिकल्या मराठी सिरियल बघून. त्यांना 'आता थांबायचं नाय' दाखवला, 2025 चा, मुंबई महापालिकेचे सफाई कामगार वगैरे मोठ्या वयात रात्रशाळेत बसतात आणि दहावीची परीक्षा देतात, खऱ्या घटनेवर आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही नेहमीची कॉमेडी बाजूला ठेवून काम करतात. मांजलपूरवाल्या दादांनी कोर्टबद्दल जे लिहिलंय ते वाचून वाटलं, हे दोन्ही पिक्चर एकामागोमाग एक बघायला हवेत, तिथे जो माणूस मॅनहोलमध्ये मेला त्याच्याच खात्यातली माणसं इथे पाटी-दप्तर घेऊन बसलीयेत. शेवट थोडा गोड केलाय, पण सासूबाई सातवीत शाळा सुटलेल्या, त्यांनी पिक्चर झाल्यावर विचारलं की बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म कुठे मिळतो. आम्ही आणलाय.

पोरांसाठी आणखी एक, 'श्यामची आई', अत्र्यांचा जुना 1953 चा, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. नवा 2023 चा पण चांगला आहे आणि तोही ब्लॅक अँड व्हाइटच केलाय, पण आधी जुना दाखवा, वनमालाबाईंची आई एकदा बघितली की दुसरी आई डोळ्यांसमोर येत नाही.

कलाभवन_रोड:
या ताई, खुशाल या, इंदूर काय परकं आहे का.

सगळ्यांना एक विनंती. आपल्याकडे मराठी पिक्चर थेटरात लागतो तो एखादाच शो, तो पण सकाळी दहाचा नाहीतर रात्री साडेदहाचा, आणि पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी शो उडतो. तेव्हा बघायचा असेल तर शुक्रवार-शनिवारीच बघा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आम्ही पेन्शनर मंडळी सकाळच्या शोची तिकिटं एकत्र काढतो, पिक्चर झाला की शेव-उसळ खाऊन घरी. पुढच्या वेळी ज्यांना यायचं असेल त्यांनी इथेच सांगा, गुजराती मंडळींना पण आणा, मावशी तुम्ही हंसाबेनना घेऊन या, शेजारी बसून समजावून सांगायचं काम माझं.