हडपसरला पालखीच्या दिवशी दोनशे वारकऱ्यांची पंगत : काय करावं, किती करावं?

गाडीतळ_पुढे (प्रश्न)

आमची सोसायटी हडपसर-सासवड रस्त्याला लागूनच आहे, फ्लॅट चौऱ्याऐंशी. ज्येष्ठ मंडळी बरीच. त्यांतल्या काहींनी पूर्वी वारी केलेली आहे, आता गुडघे चालू देत नाहीत. माउलींची पालखी दारावरून जाते तर या वर्षी निदान एका दिंडीला जेवू घालू, असं मीटिंगमध्ये ठरलं. वर्गणी जमली आहे. एका दिंडीशी ओळख निघाली. दिंडीप्रमुख बुवांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "बघू माउली." दिंडीत साधारण दोनशे माणसं आहेत.

बेत असा : सकाळी पोहे आणि चहा, नंतर पार्किंगमध्ये पंगत मांडून वरण-भात, भाजी, शिरा. आचारी लावायचा की सगळं घरीच करायचं यावर वाद चालू आहे. प्रमाण किती धरावं? आणखी काय बघायला हवं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

टाळकरी_३

आधी पंचांग उघडा. माउलींचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच मुक्काम आणि पुणे-सासवड टप्पा येतो एकादशीला. तिथीचा क्षय-वृद्धी झाला तर दिवस पुढेमागे होतो, पण साधारण हिशोब हाच. तुमच्या दारावरून दिंडी जाईल तेव्हा बहुतेकांचा उपास असेल. पोहे, वरण-भात, रव्याचा शिरा यांतलं काहीच चालणार नाही. पुण्याच्या पुढे अन्नदान करणारे नेमके इथेच चुकतात. वारकरी तोंडावर नाही म्हणत नाही, द्रोण हातात घेतो आणि पुढे कुणाला तरी देऊन टाकतो. कॅलेंडरवर स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या छापल्या असतील तर भागवत धरा. आणि आळंदी संस्थानचं त्या वर्षीचं वेळापत्रक जाहीर झालं की त्याच्याशी ताडून घ्या.

दुसरं, "बघू माउली" म्हणजे काय ते सांगतो. दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढे सत्तावीस आणि बाकीच्या रथामागे. चालताना तो क्रम मोडता येत नाही. दोनशे माणसं रस्ता सोडून तुमच्या पार्किंगमध्ये तासभर बसली तर दिंडी आपली जागा गमावते. ती बसते फक्त विसाव्याच्या ठिकाणी. त्यातून हा टप्पा सगळ्यांत दमवणारा, पुणे ते सासवड जवळजवळ तीस किलोमीटर आणि त्यात दिवे घाट. दुपारच्या आत घाटाच्या पायथ्याशी पोचायची सगळ्यांना घाई असते. बुवांनी तुमचं मन मोडलं नाही, इतकंच.

तुमच्याकडे थांबतील ते मोकळे वारकरी, म्हणजे दिंडीच्या रांगेत नसलेले. ते पहाटेपासून येत राहतात. त्यांना उभ्या उभ्या हातात घेता येईल असंच द्या.

दिंडीला जेवू घालायचंच असेल तर मार्ग आहे. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, म्हणजे द्वादशीचं पारणं तिथेच सुटतं. त्या एका पंगतीचा शिधा तुम्ही द्या. दिंडीचे स्वतःचे आचारी, ट्रक, पाण्याचा टँकर असतो आणि प्रत्येक जण दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, आधीच भरून आलेला असतो. त्यामुळे त्यांना शिजवलेल्यापेक्षा कोरडा माल सोयीचा. दोनशे माणसांच्या एका जेवणाला कणीक २० किलो, तांदूळ १५ किलो, तूरडाळ ७-८ किलो, गोडेतेल ५ किलो धरा. गोडासाठी रवा आणि साखर प्रत्येकी ७ किलो, तूप ४ किलो. भाजी देऊ नका, पावसात सडते, ते सासवडला ताजी घेतील. कांदा-लसूण चालतो का ते विचारा. एकेका फडाचा, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरेचा, रिवाज वेगळा असतो. माल दशमीला दुपारपर्यंत पुण्यातल्या मुक्कामी पोचता करा. दुसऱ्या दिवशी रस्ते बंद होतात आणि ट्रक त्याआधीच पुढे निघतो.

कढई_आणि_झारा

मग एकादशीला खिचडी करायचा मोह होणारच, म्हणून लिहितो. घरची अर्धा किलोची खिचडी जमते म्हणून चौदा किलोची जमत नाही.

दोनशे माणसांना साबुदाणा १४ किलो. किलोमागे दाण्याचं कूट अर्धा किलो, बटाटे ४०० ग्रॅम, मिरची ५० ग्रॅम, तूप किंवा शेंगदाणा तेल दीडशे ते दोनशे ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, साखर मुठभर आणि जिरं. हळद-हिंग नाही. कोथिंबीर काहींना उपासाला चालत नाही, ती टाळलेली बरी.

पहिली चूक भिजवताना होते. सगळा साबुदाणा एका उंच पातेल्यात भिजवला की तळचा वरच्याच्या वजनाने लगदा होतो आणि वरचा कडक राहतो. तीन-तीन किलो पसरट परातीत घ्या. दोन पाण्यांनी चोळून धुवा, पिठूळ पाणी पूर्ण काढा, मग किलोला पाऊण लिटर पाणी घालून झाका. दोन-तीन तासांनी एकदा हलक्या हाताने खालीवर करा. सकाळी दाणा चिमटीत दाबला की पूर्ण चपटा झाला पाहिजे. मधे पांढरा कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. त्या दाण्याची खिचडी दातात चिकटते.

कूट, मीठ, साखर साबुदाण्याला आधीच चोळून ठेवा. कुटाचा लेप बसला की दाणे एकमेकांना धरत नाहीत. एका कढईत तीन किलोच्या वर घालू नका. जास्त घातलं की झारा तळापर्यंत फिरत नाही, खाली खरपुडी धरते, वर वाफेने गोळा होतो. एका घाण्याला वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे एका शेगडीवर पाच घाण्यांना दोन तास. दोन शेगड्या ठेवा. तयार खिचडी घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबू नका, आतल्या वाफेने तासाभरात तिची वडी पडते. पसरट भांडं, वर सुती पंचा. बटाटे आदल्या रात्री उकडून ठेवू नका, दमट हवेत सकाळपर्यंत चिकट होतात.

तरीही माझं मत विचाराल तर घाट चढायच्या दिवशी पोटभर खिचडी नको. जड पडते, तहान लागते. छोटा द्रोण द्या.

वरीचे_तांदूळ

वरचं शेवटचं वाक्य पटलं. म्हणून भगर आणि दाण्याची आमटी का नाही? साठ ग्रॅमने दोनशे माणसांना १२ किलो भगर, अडीच-तीनपट आधणाचं पाणी. आमटीला ५ किलो कूट, २५ लिटर पाणी, आमसूल, गूळ, मिरची, जिरं. कूट तळाला बसून लागतं, तेव्हा उकळी फुटेपर्यंत डावाने ढवळणं सोडायचं नाही. गरम आमटी पोटात गेली की माणसाला तरतरी येते.

कढई_आणि_झारा

आमटी-भगर उभ्याने, पाठीवर पिशवी आणि हातात पताका धरून कशी खाणार? शिवाय भगरीची जबाबदारी मोठी आहे. उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात त्या उगाच नाहीत. दमट हवेत भगरीला बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही पूर्ण जात नाही. करायचीच असेल तर सुटी घेऊ नका. तारीख असलेलं बंद पाकीट घ्या आणि अख्खी भगर घ्या. भगरीचं पीठ मुळीच नको, पिठाला ओल लवकर लागते. कुबट वास आला तर सगळी पिशवी टाकून द्या, धुऊन वापरायचा हिशोब करू नका. शिजल्यावर दोन तासांत संपली पाहिजे.

वरीचे_तांदूळ

उभ्याने खाण्याचा मुद्दा मान्य. भगर मागे घेतो.

गाडीतळ_पुढे

एकादशीचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, पोह्यांची ऑर्डर जाणार होती. पंगत रद्द. पारण्याचा शिधा द्यायचं जवळपास नक्की. पण दारात काय ठेवावं? आणि गर्दी झाली, दोनशेचे पाचशे झाले, तर? कुणाला नाही म्हणायचं जिवावर येईल.

उंबरा

पाचशे होतीलच. म्हणून जे संपलं तरी खंत वाटणार नाही आणि उरलं तरी वाया जाणार नाही असं ठेवा. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी. लाडू-चिक्की पिशवीत टाकून घाटात खाता येते. केळी दोन दिवस आधी निम्मी कच्ची सांगून ठेवा, नाहीतर एकादशीला सकाळी बाजारात मिळेल त्या भावाने घ्यावी लागतात. सालींसाठी वेगळं पिंप लागेलच, रस्त्यावर साल पडली की मागचा माणूस घसरतो.

चहाचं प्रमाण : दोनशे कपांना दूध ९ लिटर, पाणी १० लिटर, साखर दीड किलो, पावडर ४०० ग्रॅम, आलं पाव किलो. काही बिनसाखरेचा वेगळ्या थर्मासमध्ये काढा. वयस्कर मंडळींत मधुमेही बरेच असतात आणि मागायला संकोचतात. पाणी बाटल्यांत वाटू नका. वीस लिटरचे पंधरा जार आणि तोटीचं पिंप ठेवा, लोक आपली बाटली भरून घेतात. जार आदल्या संध्याकाळी आत घ्या, सकाळी टेम्पो येऊ शकणार नाही.

पण खायला देणारे त्या रस्त्यावर पावलापावलावर असतात. कमी काय पडतं ते सांगते : संडास. बायका तर पहाटेपासून पाणी पिणंच टाळतात, कारण जायचं कुठे? क्लब हाऊस आणि वॉचमनचं असे जे संडास असतील ते पहाटे चारपासून उघडे ठेवा. बाहेर ठळक अक्षरांत पाटी, आत दिवा, बादली, साबण आणि दर अर्ध्या तासाला पाणी मारायला पाळीने एक माणूस. टाकीतलं पाणी आदल्या रात्री पूर्ण भरून घ्या. चौऱ्याऐंशी घरांनी त्या सकाळी एक वेळ वॉशिंग मशीन लावलं नाही तर पाणी पुरतं.

दुसरं म्हणजे पाय. हडपसरपर्यंत फोड यायला सुरुवात झालेली असते. आडोशाला दोन बाक, कोमट पाण्याच्या चार घमेल्या, कोरडे पंचे. फोड फोडायचा नाही. पाय धुऊन पूर्ण कोरडा करून वर गॉज आणि कागदी चिकटपट्टी, झालं. पोटऱ्यांना तेल चालेल, पण तळव्याला लावू नका, ओल्या चपलेत पाय सरकतो आणि फोड वाढतो. तुमच्या ज्येष्ठांना हे काम द्या, बसून करता येतं.

फोटोंबद्दल एक विनंती. पाय धुताना, खाताना माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. गेटवर सोसायटीच्या नावाचा फ्लेक्सही नको. त्या जागी "संडास आत आहे" हे दिसलं तर जास्त उपयोग.

गाडीतळ_पुढे

संडासाचा विषय आत्ताच ग्रुपवर टाकला. दोन जणांनी सुरक्षेचं कारण काढलं आहे, बघू. क्लब हाऊसचं दार रस्त्याच्या बाजूला आहे, त्यामुळे इमारतींकडे दोरी बांधली की प्रश्न मिटावा. शेवटचं विचारते, आमच्या ओळखीची दिंडी दारावरून जाताना काय करायचं? शिधा आदल्या दिवशीच दिलेला असेल. पाकीट द्यावं का?

टाळकरी_३

पाकीट नको. दिंडीला द्यायचंच असेल तर शिध्याबरोबर दिंडीप्रमुखांकडे द्या आणि कशासाठी ते सांगा, गॅस किंवा पाण्याच्या टँकरसाठी म्हणून. रस्त्यात हातात नोटा दिल्या की रांग मोडते.

दिंडी आली की पताकावाले पुढे, मग टाळकरी, मधे मृदंग, त्यांच्यामागे वीणेकरी, मागे तुळशी आणि हंडे घेतलेल्या बाया. रांगेत घुसू नका, कडेने चला. वीणेकऱ्याला नारळ द्या, बुक्का लावा, नमस्कार करा. अभंग चालू असेल तर बोलायला लावू नका. लाडवांची परात घेऊन दोघांनी रांगेच्या दोन्ही बाजूंनी दिंडीबरोबर पन्नास पावलं चालायचं, ज्याला हवा तो उचलतो. परात घेऊन एका जागी उभं राहिलात तर पुढचे थांबतात आणि मागचे त्यांच्या पाठीवर आदळतात.

आणि वीणेकऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. वीणा खाली ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या गळ्यात देतात, एकमेकांच्या पाया पडून. तो चालता चालता लाडू घेणार नाही. त्याचा वाटा कागदात बांधून शेजारच्या टाळकऱ्याकडे द्या.