जेट सेट विली (स्पेक्ट्रम ४८के): कॅसेट मधेच अडते, आणि ‘द ॲटिक’नंतर खेळ बिघडतो

टेपकाउंटर
नमस्कार मंडळी. मशीन डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात विकलेला ४८केचा स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक. खेळ जेट सेट विली, सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सचा, १९८४चा, मूळ कॅसेट. नक्कल रोखण्यासाठी सुरुवातीला विचारल्या जाणाऱ्या रंगांच्या कोडचं कार्डही आहे.

पहिली अडचण: पाचातून तीनदा ‘आर टेप लोडिंग एरर, ०:१’ येते. बॉर्डरवर (पडद्याच्या कडेला) लाल-आकाशी जाड पट्टे नीट येतात. निळे-पिवळे बारीक पट्टे सुरू झाले की कधी मधेच थांबतो, कधी अगदी शेवटाला येऊन.

दुसरी: लोड झालाच, तर ‘द ॲटिक’ या खोलीत जाऊन आल्यावर ‘द चॅपल’मधले सगळे शत्रू गायब. काही खोल्यांत पाऊल टाकताच सगळे जीव जातात. खेळ संपून नव्याने सुरू केला तरी तेच. टेपवरून चुकीचे बाइट येत असतील असं वाटलं, पण एम्युलेटरवरून (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवरून) डिस्कवर सेव्ह केलेल्या स्नॅपशॉटमध्येही (मेमरीच्या जशाच्या तशा प्रतीतही) हेच होतं. दोन्हीचं मूळ एकच आहे का?

खोली४१
नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत तुमच्या कॅसेटचा काही दोष नाही, ती चूक खेळातच आहे.

‘द ॲटिक’मधल्या एका बाणाचा मार्ग चुकीचा भरला गेलाय. तो बाण पडद्याच्या मेमरीबाहेर जाऊन खेळाच्या डेटावर लिहितो आणि दुसऱ्या खोल्या बिघडवतो. जीव गेला की विली (खेळातला नायक) त्याच खोलीत, आत आला त्याच जागी परत उभा राहतो. ती जागाच घातक झाली असेल तर एकामागून एक सगळे जीव संपणारच. नवा खेळ सुरू केल्याने बिघडलेला डेटा पूर्ववत होत नाही, त्यासाठी पुन्हा लोडच करावं लागतं. तुमचा स्नॅपशॉट ‘ॲटिक’ला जाऊन आल्यावर घेतलेला असणार. तो टाकून द्या. त्यावर आता पोक (मेमरीतल्या ठरावीक जागी थेट आकडा लिहिणारी बेसिकची आज्ञा) करून बाण थांबेल, पण आधी झालेलं नुकसान तसंच राहील.

कंपनीने आधी त्या खोल्यांत विषारी वायू आहे, हे मुद्दाम केलंय असं सांगितलं होतं. नंतर ते मागे घेऊन हे पोक दिले (आधी मेमरीतली जागा, मग तिथे लिहायचा आकडा):

पोक ५९९०१,८२
पोक ५६८७६,४
पोक ६०२३१,०
पोक ४२१८३,११

आकडे आंधळेपणाने टाकू नका, त्यांचा अर्थ लागतो. प्रत्येक खोलीला २५६ बाइट, सुरुवात ४९१५२पासून. ‘द ॲटिक’ ४१वी, म्हणजे ४९१५२ + ४१ × २५६ = ५९६४८. ५९९०१ हा तिच्यातला शेवटून तिसरा बाइट, बाणाची जागा ठरवणारा. ५६८७६ हा ३०व्या खोलीत, ‘द बनियन ट्री’मध्ये पडतो. तिथे वाट अडवणारी भिंत आहे. ६०२३१ हा ४३व्या, ‘कन्झर्व्हेटरी रूफ’मध्ये. तिथे वस्तूशेजारी जीवघेणा चौकोन आहे, तो काढला जातो. चौथ्याने ‘फर्स्ट लँडिंग’मधली न दिसणारी, हाती न लागणारी वस्तू ११व्या खोलीत, ‘द हॉल’मध्ये जाते. हे तीन केले नाहीत तर ‘ॲटिक’ टाळूनही ८३ वस्तू पुऱ्या होत नाहीत, म्हणून चारही करा.

लोड "" ऐवजी मर्ज "" द्या, म्हणजे बेसिकचा भाग येऊन आपोआप चालू होणार नाही. लिस्ट करून शेवटचा लोड ""कोड आणि खेळ चालू करणारा रँडमाइझ यूएसआर यांच्यामध्ये चारही पोक घाला. सगळं एकाच ओळीत असेल तर एडिट करून कोलनने जोडा. लोडच्या आधी घातलेला पोक फुकट जातो, कारण टेपवरचा डेटा त्याच जागेवर येऊन बसतो. आधी खात्री करायची असेल तर त्याच जागी प्रिंट पीक ५९९०१: स्टॉप घाला, म्हणजे तिथला आकडा दाखवून प्रोग्रॅम थांबेल. ८२ दिसलं तर तुमची प्रत दुरुस्त केलेली आहे.

अझिमथ
टेपबद्दल. एरर नेमकी कधी येते ते नीट बघा, त्यावरून बरंच कळतं. रॉममधला लोडर ठरावीक वेळात पुढचा पल्स (आवाजाचा ठोका) आला नाही की तिथल्या तिथे थांबतो. म्हणजे मधेच एरर आली तर आवाज तुटतोय: मळलेलं हेड (टेप वाचणारा भाग), झिजलेली किंवा चुरगळलेली टेप. शेवटी आली तर सगळे पल्स आले पण एखादा बिट चुकीचा वाचला गेला, कारण एक्सऑर बेरीज (सगळ्या बाइटवरून काढलेला तपासणीचा आकडा) ब्लॉकच्या शेवटीच तपासली जाते. त्याला कमी-जास्त व्हॉल्यूम, तिरकं हेड किंवा टेप फिरवणारा ढिला रबरी पट्टा कारणीभूत असतो. तुमच्याकडे दोन्ही होतंय.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने हेड, कॅपस्टन (टेप ओढणारी दांडी) आणि पिंच रोलर (टेप तिच्यावर दाबणारं रबरी चाक) पुसा. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद, ट्रेबल पूर्ण, व्हॉल्यूम पाऊणपासून सुरू करा. लोड करताना माइकची वायर काढून फक्त इअरची ठेवा. स्टिरिओ डेक असेल तर एकच चॅनल घ्या. हेड जरासं तिरकं असताना दोन चॅनल एकत्र केले की वरचे स्वर एकमेकांना खातात, आणि शून्याचा बिट वरच्याच स्वरात असतो: सुमारे २०४७ हर्ट्झ, एकाचा १०२३.

तरी जमलं नाही तर हेडजवळचा स्प्रिंगवाला स्क्रू. आधी मूळ जागेवर खूण करा. टेप चालू ठेवून एका वेळी आठवा हिस्सा फिरवा, आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबा.

एकदा धड लोड झाली की लगेच ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवा. एमपी३ नको, त्यात पल्सच्या कडा मऊ होतात. पुढे फोनवरून वाजवलीत तर व्हॉल्यूम पूर्ण, इक्वलायझर बंद आणि विमान मोड. एक नोटिफिकेशन वाजली की लोड गेलं.

टेपकाउंटर
धन्यवाद. एरर दहातून एकदा, तीही शेवटीच. पीकने ८२ दिलं नाही, म्हणून चारही पोक घातले. ‘ॲटिक’ची चाचणी लवकर कशी करू? चालत जायला फार वेळ जातो.

खोली४१
‘फर्स्ट लँडिंग’मध्ये खालच्या जमिनीवर उभे राहून राइटटायपर टाइप करा, इंग्रजीत WRITETYPER, दहा अक्षरं सलग. जीवांच्या रांगेत बूट दिसला की झालं. मग ९ दाबून धरा आणि सोबत खोलीचा क्रमांक: १ ते ६ या कळांची किंमत अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२. ‘ॲटिक’ ४१, म्हणजे १, ४ आणि ६. बाण एकदा पूर्ण जाऊ द्या, मग ‘चॅपल’ बघा.

‘चॅपल’ २७वी आहे, पण १, २, ४, ५ आणि ९ अशी उडी खऱ्या मशीनवर मारू नका. कीबोर्डच्या जाळ्यात २ आणि ९ एका स्तंभावर आहेत, तसेच ५ आणि ६. २, ५ आणि ९ एकत्र दाबल्या की ६ पण दाबल्यासारखी वाचली जाते आणि तुम्ही ५९व्या खोलीत पोचता. त्याऐवजी ३, ४, ५ आणि ९ दाबून २८वर, ‘फर्स्ट लँडिंग’ला या आणि तिथून चालत जा.

शत्रू जागेवर असले की टेप पुन्हा लोड करा, पोक घाला, आणि कोणतीही खोली न बदलता नवा स्नॅपशॉट सेव्ह करून घ्या.