सकाळी आठला फोन लावणाऱ्यांनो, इकडे या : फॅमिली डॉक्टर गाठण्याचे अनुभव

खोकलेकर (धागाकर्ता)

"सकाळी सर्जरीत गेलो होतो," असं मी पहिल्यांदा फोनवर म्हणालो तेव्हा पलीकडे मिरजेत आईच्या हातातलं भांडं पडलं. इंग्लंडात जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात आणि तिथे कोणी कापाकापी करत नाही, हे तिला पटवायला अर्धा तास गेला. आता तीच रोज विचारते, "काय रे, सर्जरीत नंबर लागला का?"

नाही लागला. म्हणून हा धागा.

पाच आठवडे झाले, खोकला जात नाही. सोमवारी ७:५८ ला माझा आणि बायकोचा असे दोन फोन घेऊन बसलो. आठला वीस सेकंद कमी असताना लावला तर दवाखाना बंद असल्याची टेप. आठ वाजून पाच सेकंदांनी लावला तर मी रांगेत एकतिसावा. पंचवीस सेकंदांत तीस माणसं कुठून उगवली देव जाणे. मग ते पियानोचं तुणतुणं. ८:२७ ला बाई आल्या.

"तातडीचं आहे का?"

"तसं तातडीचं नाही, थोडा खोकला आहे."

"आजच्या अपॉइंटमेंट संपल्या."

"पुढच्या आठवड्यातली द्या."

"त्या अजून उघडल्या नाहीत."

"कधी उघडतील?"

"सकाळी आठला फोन करून बघा."

मंगळवारी बाविसावा होतो. बुधवारी लेकीला शाळेत सोडताना फाटकापाशी फोन कानाला लावला, तर आजूबाजूच्या तीन आया त्याच पोझमध्ये उभ्या. एकीच्या फोनमधून तोच पियानो ऐकू येत होता. आम्ही एकमेकींकडे, सॉरी, एकमेकांकडे पाहून हसलो. पण मनात हिशेब चालू होता, ही माझ्या पुढे की मागे?

तुमचं लिहा. इंग्लंडबाहेरच्यांनीही लिहा. दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव मात्र नको.

स्लाउची सून

मला फेब्रुवारीत नागीण झाली होती. शुक्रवारी रात्री पाठीला आग आग, शनिवारी पुरळ. सोमवारी फोनवर चोविसावी. इकडे सासूबाई व्हिडिओ कॉलवर: दूर्वा आणि तांदूळ वाटून लाव, दोन्ही टोकं जुळू देऊ नकोस. आता फेब्रुवारीत स्लाउमध्ये दूर्वा कुठून आणू? बागेतलं गवत उपटून दाखवलं तर म्हणाल्या, ही हरळी नाही.

फोन लागायच्या आधीच शेजारची म्हणाली, अगं, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जा. मला वाटलं, मलम देईल. तर त्याने आतल्या खोलीत नेलं, पुरळ पाहिलं, कधी उठलं ते विचारलं आणि गोळ्या दिल्या. नागिणीच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केलेल्या बऱ्या, म्हणे. मी साधारण पन्नासाव्या तासाला पोचले होते. इंग्लंडात ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट म्हणून ही सोय आहे. सात आजार: घसा, सायनस, मुलांचा कान दुखणं, किडा चावलेली जागा चिघळणं, इम्पेटायगो (म्हणजे त्वचेवर पिकणारे फोड), नागीण आणि बायकांची साधी लघवीची जळजळ. वयाच्या अटी आहेत, पण अपॉइंटमेंट लागत नाही. औषधाचे नेहमीचे ९.९० पाउंड पडले.

एवढी कामाची गोष्ट मला शेजारणीकडून कळावी, हा माझा खरा राग. आठच्या टेपवर पियानोऐवजी हे ऐकवा की!

हिशेबनीस

मी भावना बाजूला ठेवून आकडा सांगतो. आम्ही चौघे, तीन वर्षांचा व्हिसा. फेब्रुवारी २०२४ पासून आरोग्य अधिभार मोठ्यांना वर्षाला १,०३५ पाउंड, मुलांना ७७६. एकूण १०,८६६ पाउंड, व्हिसाच्या अर्जासोबत, आगाऊ. शिवाय दर महिन्याच्या पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स वेगळे.

त्यामुळे कोणी "इथे सगळं फुकट असतं ना" म्हणालं की माझंच बीपी वाढतं. आणि ते मोजायलाही अपॉइंटमेंट मिळत नाही.

बंधाऱ्यावरचा बाप्या

नेदरलँड्समधून हजेरी. इथे अपॉइंटमेंट मिळते हो. दहा मिनिटांची मिळते, डॉक्टर हसून हात मिळवतात, सगळं ऐकून घेतात आणि पॅरासिटामोल घ्या म्हणतात. पाय मुरगळला, पॅरासिटामोल. घसा बसला, पॅरासिटामोल. नव्या घरी आलो तर त्या भागातल्या तिन्ही दवाखान्यांनी नवे पेशंट घेणं थांबवलेलं. म्हणजे पॅरासिटामोल घ्या म्हणणारंही कोणी नाही. हिवाळाभर जुन्या गावातल्या डॉक्टरकडे सायकल हाणत जात होतो.

खिडकीआडची

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. ८:२७ ला येणारी ती बाई मीच आहे. म्हणजे खोकलेकरांच्या दवाखान्यातली नव्हे, पण तशीच एक. चार वर्षं रिसेप्शनवर आहे. त्याआधी ठाण्यात बँकेत होते, त्यामुळे खिडकीआडून बोलणी खायची सवय आहे.

आठला आम्ही तिघी हेडसेट लावून बसतो. समोर पडद्यावर रांगेचा आकडा असतो. आठ वाजले की तो शून्यावरून एकदम चाळिशीत जातो. त्या दिवशीच्या जागा समजा अठ्ठावीस. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यातल्या वीस जातात. एकोणतिसाव्या माणसापासून पुढे प्रत्येकाला नाही म्हणायचं काम माझं. डॉक्टरला शिव्या देणारा मी अजून पाहिला नाही. डॉक्टरसमोर गेला की माणूस गोगलगाय होतो. शिव्या माझ्या वाट्याच्या.

"तुम्हाला काय करायचंय मला काय होतंय ते?" हे रोज ऐकते. विचारावं लागतं, कारण मागच्या वर्षी एक आजोबा म्हणाले, कानाचं मेण काढायचंय, कधीही चालेल. मी सहज म्हटलं, बाकी बरं आहे ना? तर म्हणाले, हो, सकाळपासून जरा छाती जड वाटते, डावा हात भरून आलाय, पण त्यासाठी तुम्हाला त्रास नको. मी हेडसेटवर त्यांना बोलतं ठेवलं आणि शेजारणीने ९९९, म्हणजे अँब्युलन्सचा नंबर लावला. मेणासाठी फोन केला होता त्यांनी.

आता आपल्या लोकांबद्दल. आपण फोनवर "थोडं" म्हणतो. थोडा खोकला, जरा चक्कर, किंचित दुखतंय. समोरच्याला त्रास नको म्हणून. घरी तेच दुखणं आपण आईला दहा मिनिटं सांगतो. माझ्यासमोरच्या फॉर्ममध्ये "थोडं" असा रकाना नसतो. खोकलेकर, पाच आठवडे खोकला आणि तुम्ही "थोडा" म्हणालात? तीन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर डॉक्टरला दाखवा, असं इथे सांगतात. "पाच आठवडे" हे दोन शब्द पहिल्या वाक्यात हवे होते.

दुसरं म्हणजे, तातडीचं नसेल तर आठला फोन करूच नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडातल्या दवाखान्यांना ऑनलाइन फॉर्म सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा उघडा ठेवावा लागतो. आधी बरेच जण तो लवकर बंद करायचे. अकराच्या सुमारास भरा. काय होतंय, कधीपासून, काय घेतलं, काय केल्याने वाढतं, बस. जन्मापासूनचा इतिहास नको.

हिशेबनीस

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझा फॉर्म म्हणाला, "लक्षणं गंभीर वाटतात, फोन करा." फोनवर टेप म्हणाली, "वेळ वाचवा, फॉर्म भरा." मी नक्की कुठे उभं राहू?

आणि लक्षणं सांगायची कला यायला हवी, ही अट पेशंटवर का? आजारी माणूस नीट बोलू शकत नाही, म्हणून तर तो आजारी.

खिडकीआडची

हे खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तरेतला जुना स्टेथो

मी जीपी आहे. मिरजेलाच शिकलो, त्यामुळे धागाकर्त्याच्या आईंच्या हातातलं भांडं मला इथे ऐकू आलं.

माझी बाजू थोडक्यात मांडतो. इंग्लंडात एका पूर्णवेळ जीपीमागे बावीसशेच्या वर पेशंट येतात. आमच्या संघटनेच्या मते दिवसाला पंचवीस पेशंट ही सुरक्षित मर्यादा. माझे काल अडतीस झाले, शिवाय रिपोर्ट, पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. एकेकाला दहा मिनिटं. त्यात माणूस निघताना दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणतो, "आणि डॉक्टर, एक छोटीशी गोष्ट..." तो येतो त्या छोट्याशा गोष्टीसाठीच. आधीची नऊ मिनिटं गुडघ्याची असतात.

लोकांना वाटतं दवाखाना सरकारी आहे. बहुतेक जीपी दवाखाने एनएचएसशी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेशी, करार केलेले स्वतंत्र व्यवसाय आहेत आणि मुख्य पैसे डोईवर मिळतात, वर्षाला माणशी साधारण १२० पाउंड. तुम्ही एकदा आलात काय किंवा तीस वेळा आलात काय, तेवढेच.

आता यातली विनोदी गोष्ट. २०१९ पासून दवाखान्यांना जादा माणसं नेमायला पैसे आले: फार्मासिस्ट, फिजिओ, पॅरामेडिक. पण डॉक्टर नेमायला ते वापरता येत नव्हते. ती मुभा २०२४ च्या ऑक्टोबरात मिळाली, तीही नव्या जीपींपुरती. माझ्या हाताखाली शिकलेली एक हुशार मुलगी त्या उन्हाळ्यात पास झाली आणि चार महिने काम शोधत होती. बाहेर पेशंट आठला फोन लावताहेत, आत डॉक्टर नोकरीचे अर्ज भरतेय, आणि मी दोघांच्या मध्ये थंड चहा पितोय.

"उद्या फोन करा" हे उत्तर मात्र चूक. २०२३ च्या करारबदलापासून पहिल्याच संपर्कात काहीतरी ठोस सांगायला हवं: अपॉइंटमेंट, सल्ला किंवा दुसरीकडे कुठे जायचं ते. तसं घडत नसेल तर दवाखान्याच्या मॅनेजरला शांतपणे, लेखी कळवा. लेखी तक्रारीला उत्तर द्यावंच लागतं.

किचनेरची काकू

तुम्ही सगळे श्रीमंत आहात हो. तुमच्याकडे निदान फोन लावायला नंबर आहे. कॅनडात आमच्यासारख्या लाखो लोकांना फॅमिली डॉक्टरच नाही. ओंटारियोत सरकारी यादीत नाव घालून अडीच वर्षं झाली.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच प्रांतात वॉकर्टन गावात एक नवा डॉक्टर पाचशे पेशंट घेणार होता. लोक पहाटेपासून बर्फात, घरच्या खुर्च्या आणि ब्लँकेटं घेऊन रांगेत. हजारावर माणसं आली, निम्मी परत गेली. फोटो पाहिला तेव्हा मला लहानपणची रॉकेलची रांग आठवली. डबे तेवढे नव्हते.

माझ्या जावेला डॉक्टर मिळाला. ती एकदा मुलाच्या तापासाठी रात्री वॉक-इन क्लिनिकला गेली, तर नंतर तिच्या डॉक्टरकडून पत्र: असं पुन्हा केलंत तर यादीतून काढू. इथे नोंदवलेला पेशंट बाहेर दाखवून आला की काही डॉक्टरांचे पैसे कापले जातात, म्हणून. आता तापातही ती आधी विचार करते, कोणाला राग येईल?

नारायण पेठ, पहिला मजला

वय ७४. परदेशात फक्त मुलगा आहे, मी नाही, तरी लिहितो.

आमच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट हा शब्दच नव्हता. सकाळी कंपाउंडरकडे नंबर लावायचा, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, घरी येऊन आंघोळ करायची, पुन्हा जायचं. तुमचा नंबर हुकला तरी कंपाउंडर ओरडायचा, "अहो, ह्यांची मुलगी बाळंतपणाला आलीय, जाऊ द्या पुढे." हा अन्यायच होता, पण आळीपाळीने सगळ्यांच्या बाजूने व्हायचा.

डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा हाडांचा सर्जन, तो कशाला त्या दहा बाय बाराच्या खोलीत बसेल? तिथे आता केक मिळतात. मला ताप आला की कोणाकडे जायचं हेच कळत नाही. छातीचा वेगळा, पोटाचा वेगळा, साखरेचा वेगळा. मोबाईलवर नंबर घेतो, वेळ सव्वासहाची असते, आत जाईपर्यंत आठ वाजतात. आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारतो, आधी काय काय झालंय? जुन्या डॉक्टरांना माझ्या वडिलांचा दमासुद्धा पाठ होता.

खोकलेकर (धागाकर्ता)

अपडेट देतो.

ताईंचं ऐकून गुरुवारी ११:१० ला फॉर्म भरला. पहिलंच वाक्य: "पाच आठवडे सतत खोकला, रात्री झोपमोड, पायऱ्या चढताना धाप." धापेचं मी तोवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते फॉर्ममध्ये लिहिताना माझं मलाच कळलं.

दीड तासात मेसेज आला: आज डॉक्टर फोन करतील, ८ ते ६:३० मध्ये. वेळ नाही, फक्त दिवस. फोन घेऊन जेवलो, फोन घेऊन मीटिंगमध्ये बसलो. ३:४२ ला हात धुवायला गेलो. परत येतो तर खाजगी नंबरवरून मिस्ड कॉल, आणि लगेच मेसेज: "आम्ही तुमच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला." त्या क्षणी मी जे मराठीत बोललो ते ऑफिसात कोणाला कळलं नाही हे बरं.

पण ५:५० ला पुन्हा फोन आला. डॉक्टर दमलेल्या आवाजाच्या, चांगल्या होत्या. सहा मिनिटं नीट प्रश्न विचारले. शनिवारी छातीचा एक्स-रे झाला, रिपोर्ट यायचा आहे. पुढच्या बुधवारी प्रत्यक्ष भेट आहे, ९:२० ला.

आईला सांगितलं, सर्जरीत नंबर लागला. ती म्हणाली, "बुधवारपर्यंत ज्येष्ठमध चघळ. आणि त्या बाईंना सांग, धाप लागते म्हणून. तू सांगायचा नाहीस."