आगर धुतला, पण पुढे?

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बंद बाटलीत वाढवलेल्या रोपाच्या मुळांवरचा आगर (ज्यात ते वाढतं तो जेलीसारखा पदार्थ) नीट धुतला की रोप जगतंच, असं म्हणतात; हे म्हणणं मला अर्धंच पटलं. धुवायला तर हवाच, कारण त्यात साखर असते आणि बाटलीबाहेर आल्यावर तिच्यावर लगेच बुरशी धरते. पण माझी ड्रॉसेरा कॅपेन्सिस या कीटकभक्षी वनस्पतीची पहिली रोपं स्वच्छ धुऊनही दोन दिवसांत माना टाकून बसली. मी ती थेट उघड्या हवेत ठेवली होती. बाटलीतली हवा जवळजवळ १०० टक्के दमट असते. तिथे फुटलेल्या पानांवर मेणाचा थर नावापुरताच असतो आणि त्यांची पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) नीट मिटत नाहीत, त्यामुळे मुळांशी पाणी असूनही पान सुकतं.

ही जुनी पानं कोरड्या हवेला फारशी सरावत नाहीत. सरावतं ते बाहेर आल्यावर फुटलेलं पान! म्हणून मी आता दिवस मोजत नाही, पानं मोजते. ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात) रोप लावायचं, वर पारदर्शक डबा पालथा घालायचा, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. पाणी डिस्टिल्ड किंवा पावसाचंच, खत अजिबात नाही. दोन-तीन नवी पानं आली की डबा रोज थोडा थोडा जास्त वेळ उघडा ठेवायचा. ड्रॉसेराच्या नव्या पानावर चिकट थेंब टिकू लागले की हवा मानवली असं मी धरते. आणि रोप घरी येताना प्रवासात जुनी पानं काळी पडली असली तरी मधला कोंब हिरवा असेल तर कृपया ते फेकू नका. माझी अशी तीन रोपं वाचली आहेत.