12 वर्षं पडीक पडलेलं 18 एकर रान: रोटाव्हेटर मारू देऊ का?

गलाईवाला_आटपाडी

नमस्कार मंडळी. गाव आटपाडी तालुक्यात, पण आजोबांपासून आम्ही गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, मुक्काम कोइमतूर. गावी 18 एकर रान आहे. चुलत्यांनी शेवटची बाजरी केली त्याला 12 वर्षं झाली. टेंभू उपसा योजनेचं पाणी शेजारच्या शिवारात आलं तसं वडलांनी धरलंय, पुढल्या वर्षी गावी जाणार आणि दोन खिलार गाई पाळणार.

घटस्थापनेला गेलो तर बांधावरून आत पाय टाकता येईना. 11 एकर माळ आहे. त्यात कमरेएवढं कुसळ गवत, थोडं पवन्या गवत, मधूनमधून घाणेरीची बेटं. खाली ओढ्याकडं वेडी बाभळ, काही बुंधे मांडीएवढे. भाड्यानं ब्रश कटर आणला. दोन दिवसांत अर्धा एकरसुद्धा निघाला नाही आणि तिसऱ्या दिवशी हातात चहाचा कप धरवेना. गावातला ट्रॅक्टरवाला म्हणतो रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती उकरणारं अवजार) मारून देतो. मारू देऊ का? गवत घालवायचं नाही, वडलांना कुरण हवंय.

पाटील_विटा

कशाला डोक्याला ताप? जेसीबी लावा, चार दिवसांत मैदान करून देईल.

पन्नास_एचपी

मैदानच होईल, त्यात शंका नाही! माळावर माती असते वीतभर, खाली मुरूम. जेसीबीनं झुडपाबरोबर ती वीतभर मातीही बांधाला जाऊन पडते, मग गवत उगवायचं कशात? जेसीबी फक्त ओढ्याकडच्या मांडीएवढ्या बाभळींना लावा, मुळासकट काढायला. वरून कापली की वेडी बाभळ दुप्पट फुटते.

मी कवठेमहांकाळचा. भाड्यानं स्लॅशरही चालवतो आणि उसाच्या पाचटाचं मल्चरही. रोटाव्हेटर नको दादा. लांब गवत रोटरला दोरीसारखं गुंडाळतं, दर अर्ध्या तासाला उतरून कोयत्यानं सोडवत बसावं लागतं. दगडाला पाती तुटतात ती वेगळीच, आणि तुमच्या गवताची जुनी ठोंबं उपटून वर येतात. मल्चर गवताचा भुगा झकास करतं, पण ते उसाच्या रानाचं जनावर. दगड आणि तार त्याला सोसत नाही.

तुमच्या माळाला स्लॅशर. आडवं पत्र्याचं खोकं, खाली फिरणाऱ्या तबकडीला दोन जाड पाती, तीही खिळीवर सैल बसवलेली. दगड लागला की पातं मागं दुमडतं. 5 फुटी स्लॅशर आणि 45-50 एचपीचा ट्रॅक्टर असला की सपाटीला तासाला पाऊण एकर धरा, तुमच्यासारख्या रानात अर्धा. पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवायचा आणि वेग गिअरनं कमी करायचा. रेस कमी केली तर पातं कापत नाही, नुसतं झोडपतं. पहिला फेरा उंच उचलून, दुसरा खाली. तरीही जमिनीपासून चार-पाच बोटं वरच राहू द्या. घाणेरीच्या बेटात रिव्हर्सनं घुसायचं, म्हणजे आधी स्लॅशर जातो, रेडिएटर आणि पुढची चाकं वाचतात. मनगटाएवढं खोड आलं की खाली उतरून कोयता.

आता माझीच फजिती सांगतो. पहिला ट्रॅक्टर जुना, सिंगल क्लचचा होता, म्हणजे चाकं आणि पीटीओ एकाच क्लचवर. नागजच्या बाजूला एका ताली (उंच बांधा) शेजारी कापत होतो. कडेला आलो, क्लच दाबला, तर गाडी थांबेचना. पात्यांचा फिरता जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सात येतो आणि ट्रॅक्टरला पुढं ढकलतो, हे तेव्हा कुठं माहीत होतं? पुढची चाकं तालीवरून खाली. पोट तालीला टेकलं म्हणून आज हे लिहितोय. दुसऱ्या दिवशी जाऊन शाफ्टला ओव्हररनिंग क्लच बसवून घेतला, तो पात्यांचा जोर उलटा ट्रॅक्टरकडं येऊ देत नाही. तुमच्या ट्रॅक्टरवाल्याला आधी विचारा, डबल क्लच आहे का? नसेल तर हे बसवलंय का? "ते काय असतं" म्हणाला तर दुसरा गडी बघा. शिअर बोल्ट तुटला की कुणी कडक बोल्ट टाकायला लागला तर हात धरा. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो, तो नाही तुटला तर गिअरबॉक्स फुटतो.

आणि मशीन नेण्याआधी काठ्या घेऊन सगळं रान चालून काढा. हद्दीचे दगड, जुनी काटेरी तार दिसली की लाल फडकं बांधा. मुख्य म्हणजे विहीर. माणदेशात कठडा नसलेल्या जुन्या विहिरी कमी नाहीत, आणि कुसळ अगदी काठापर्यंत सारखं वाढतं. चालू मशीनच्या जवळपास माणूस उभा करू नका, दगड गोळीसारखा सुटतो.

माडग्याळची_मेंढी

जतवरून लिहितोय, घरी मेंढरं आहेत. वरच्या भाऊंचं बरोबर, पण तारीख कुणी सांगितली नाही. कुसळ काळं पडून गळायला लागलं की कापून उपयोग नाही, बी तुम्हीच पेरता. त्याची टोकं मेंढराच्या लोकरीतून कातडीत घुसतात, गाईच्या तोंडाला टोचतात. दसऱ्याच्या आत उरका. कुसळ दोन-तीन वर्षं असंच वेळेवर कापलं तर पवन्याला जागा होते, मारवेल गवताची ठोंबंही लावता येतील.

घाणेरीची बेटं आधी वेगळी कापून बाजूला टाका. गवतात मिसळली आणि गाईच्या पोटात गेली तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. पावसाळ्यात ती परत फुटेल, तेव्हा माती मऊ असताना जमिनीखाली मूळ तोडून बुंधा उलटा करून ठेवा. गाई आल्यावर त्यांना वेड्या बाभळीच्या शेंगांपासूनही लांब ठेवा, बी शेणातून रानभर पसरतं. आणि कापताना मधून सुरू करून कडेला या. कडेकडून गोल फिरत आत गेलात तर ससे, तित्तर सगळे मधल्या पट्ट्यात कोंडतात.

गलाईवाला_आटपाडी

ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. "ते काय असतं" असंच म्हणाला. दुसरा बघतोय, खरसुंडीत एक डबल क्लचवाला आहे म्हणतात. विहिरीचं वाचून चुलत्यांना फोन लावला. म्हणाले, "आरं एक न्हाई, दोन हायत. वरली मला दावता येईल, खालची कुठं ते आता मलाबी आठवंना." रविवारी चौघं काठ्या घेऊन जातोय.

पन्नास_एचपी

खालची ओढ्याच्या अंगाला असणार. दोरी कमरेला बांधून चाला, आणि सापडली की फडक्यावर भागवू नका, चारी बाजूंनी बाभळीच्या फांद्या टाका. बाकी बाभळीला तुमच्याकडं तोटा नाही.