मदत हवी आहे: कॉच, कोक की कॉख?

घाईतली गौरी: स्पेलिंग के-ओ-सी-एच. जर्मन आडनाव. उच्चार काय, अर्थ काय, आणि या आडनावाची आणखी नावाजलेली माणसं कोण? उद्या सकाळी माइकवर बोलायचंय. तीन व्हिडिओंत तीन उच्चार ऐकले, डोकं उठलंय. लवकर सांगा.

परदेशी जोशी: नक्की कोणाबद्दल बोलायचंय? न्यूयॉर्कचे माजी महापौर एड (1978 ते 1989) 'कॉच'. उद्योगपती चार्ल्स 'कोक', पेयासारखं. त्यांचे आजोबा नेदरलँड्सहून आलेले, त्यामुळे सरसकट जर्मन म्हणू नका.

घाईतली गौरी: अहो, अमेरिका कुठून आली मध्येच?

जर्मनखूळ: जर्मनीत 'कॉख'. पण हा ख 'खडू'तला नव्हे, घसा खरवडून काढायचा, उर्दू 'ख़बर'सारखा. अर्थ आचारी. मूळ लॅटिन 'कोकुस', इंग्रजी 'कुक' त्याच कुळातला. सरदाराच्या गढीत नाहीतर मठात मुदपाकखाना सांभाळणाऱ्याची ओळख पुढे मुलाबाळांना चिकटली. तसंच श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, म्युलर

डॉ. रात्रपाळी: पुरे हो, शिकवणी नकोय त्यांना. आम्ही वॉर्डात सर्रास 'कॉक्स' म्हणतो. नातेवाइकांसमोर टीबी शब्द उच्चारायला नको म्हणून. बिनधास्त 'कॉक' म्हणा.

जर्मनखूळ: डॉक्टर, वॉर्डातली सवय म्हणजे उच्चार नव्हे.

डॉ. रात्रपाळी: आणि घसा खरवडून बोलल्या तर मुलं म्हणतील बाईंनाच खोकला झालाय.

नाना: बीसीजीची लस यांची नव्हे बरं का, ती काल्मेट आणि गेरँ या फ्रेंचांची.

परदेशी जोशी: नाना, लसीचं कोणी विचारलंय?

घाईतली गौरी: शाळेत क्षयरोग दिन आहे, सूत्रसंचालन माझ्याकडे. उद्या 24 मार्च, म्हटलं कळेल. रॉबर्ट हो!

जर्मनखूळ: हे आधी सांगायचं ना! जन्म 1843, हार्ट्‌झ डोंगरातलं क्लाउसथाल. 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, तोच हा दिवस. 1905 ला नोबेल. 1897 च्या प्लेगात ते मुंबईला आले होते, हे मुलांना नक्की सांगा. बाकी नावांत मारिटा घ्या: पूर्व जर्मनीची धावपटू, 1985 ला कॅनबेरात 400 मीटर 47.60 सेकंदांत.

परदेशी जोशी: त्या काळातले पूर्व जर्मन विक्रम म्हणजे औषधांचा खेळ. शाळेत नको.

जर्मनखूळ: मग हेल्गे फॉन कॉख घ्या, 1904 मध्ये हिमकणाची वक्ररेषा मांडणारा गणिती. मात्र तो स्वीडिश.

नाना: कूचबिहारचे कोच यांचेच का?

डॉ. रात्रपाळी: नाना!!

घाईतली गौरी: कॉख, आचारी, मुंबईचा प्लेग. एवढं पुरे. फक्त एक गोची आहे. आमच्या मोठ्या बाई 'कॉच'च म्हणतात आणि माझ्यानंतर लगेच त्यांचं भाषण आहे.

परदेशी जोशी: मग तुम्ही नुसतं 'रॉबर्टसाहेब' म्हणा.